सीपीएल झालं, पुढे काय? प्रादेशिक विमान कंपनीत को-पायलट होण्याचा क्रम

सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स, हातात आलं की घरात पेढे वाटले जातात, आणि नेमका तिथून पुढे क्रम चुकायला लागतो. कुणी नोकरीचा पत्ता नसताना कर्ज काढून एअरबसचं टाइप रेटिंग (त्या एका प्रकारचं विमान उडवण्याची परवानगी) करून बसतं. कुणी जाहिरातीची वाट बघत वर्ष घालवतं आणि बोलावणं येतं तेव्हा मेडिकल संपलेलं असतं. कुणाची निवड होते, पण गाडी सिम्युलेटरमध्ये अडते. विमान उडवता येत असतं, फक्त कॉलआउट (ठराविक क्षणी मोठ्याने म्हणायचे ठरलेले शब्द) पाठ नसतात.

हा लेख साधारण 200 तास उडून सीपीएल घेतलेल्यांसाठी आहे. फ्लाइंग स्कूल कसं निवडावं, हा विषय इथे नाही. विमान म्हणून एटीआर 72-600 धरलंय. जळगाव, सोलापूर, सिंधुदुर्ग अशा ठिकाणी प्रवासी ज्या पंख्याच्या विमानातून उतरतात, ते हेच. तुम्ही एम्ब्रेअरवर किंवा छोट्या केसना कॅरॅव्हॅनवर लागलात तरी टप्पे बहुतेक हेच राहतात, लिव्हरची नावं तेवढी बदलतात.

## टप्पा 1: कागद जिवंत ठेवा

2023 मध्ये नियम बदलले आणि सीपीएलची मुदत 5 वर्षांवरून 10 वर्षं झाली. तेव्हापासून एक गैरसमज पसरलाय की आता दहा वर्षं निवांत. लायसन्सचं पुस्तक दहा वर्षं चालेल, पण त्यावर उडण्याचा हक्क बाकीच्या कागदांवर टिकतो, आणि त्यांची मुदत तोकडी असते. क्लास 1 मेडिकल तरुण वयात 12 महिन्यांचं. इन्स्ट्रुमेंट रेटिंग 12 महिन्यांचं. इंग्रजीची लेव्हल 4 असेल तर 3 वर्षं, लेव्हल 5 असेल तर 6 वर्षं; लेव्हल 6 मिळाली तर पुन्हा परीक्षा नाही. शिवाय रेडिओवर बोलण्याचे परवाने, आरटीआर आणि एफआरटीओएल.

वहीच्या एका पानावर सगळ्या मुदती तारखेच्या क्रमाने लिहा आणि प्रत्येकीच्या दोन महिने आधीची तारीख शेजारी टाका. काम सुरू करायचं ते त्या शेजारच्या तारखेला. मेडिकलची अपॉइंटमेंट हवी तेव्हा मिळत नाही. रक्तदाब किंवा वजनावरून डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं तर आठवडे जातात.

डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाच्या ईजीसीए पोर्टलवरचं नाव, दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरशः एक हवं. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे लिहायची पद्धत आहे. एका कागदावर ते असतं, दुसऱ्यावर नसतं, तिसऱ्यावर नुसतं आद्याक्षर. निवड झाल्यावर विमानतळाच्या प्रवेश पाससाठी पोलीस पडताळणी होते, तेव्हा हा घोळ वर येतो. तो आत्ताच निस्तरा.

तपासा: लॉगबुकमधल्या तासांची बेरीज ईजीसीएमधल्या नोंदींशी जुळते का? एकूण, पीआयसी (कॅप्टन म्हणून उडलेले), रात्रीचे, इन्स्ट्रुमेंट आणि क्रॉस-कंट्री या पाचही रकान्यांची बेरीज वेगवेगळी करून बघा.

## टप्पा 2: कंपनी आणि विमान ओळखून अर्ज करा

‘रीजनल’ या एका नावाखाली बरीच वेगवेगळी कामं येतात. गोव्यात मोप्याहून चालणारी फ्लाय91 आणि सरकारी अलायन्स एअर एटीआर उडवतात. इंडिगोकडे जेटच्या ताफ्याबरोबर एटीआरचा वेगळा ताफा आहे. कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर एम्ब्रेअर जेट चालवते. इंडियावन एअर एका इंजिनाची कॅरॅव्हॅन उडवते. एकाच मजकुराचा अर्ज सगळीकडे पाठवला की मुलाखतीच्या पहिल्या पाच मिनिटांत ते कळतं.

जाहिरातीत आधी एक शब्द शोधा: ‘टाइप-रेटेड’ की ‘नॉन-टाइप-रेटेड’. पहिल्यात रेटिंग तुमच्याकडे आधीच हवं. दुसऱ्यात कंपनी प्रशिक्षण देते, खर्च तुमच्याकडून घेते किंवा बाँड (ठराविक वर्षं नोकरी सोडणार नाही, सोडली तर पैसे भरू, असा करार) लिहून घेते.

सावधान: हातात लेखी पत्र नसताना टाइप रेटिंग विकत घेऊ नका. खर्च लाखांत जातो, आणि ते रेटिंगही चेक देऊन चालू ठेवावं लागतं. वर्षभर नोकरी नाही मिळाली तर नूतनीकरणाचे पैसे वेगळे. ‘आमची आत ओळख आहे, रेटिंग आमच्याकडे करा, जागा पक्की’ असं सांगणारा माणूस भेटला तर चहा घ्या आणि निघा.

## टप्पा 3: निवड चाचणीची तयारी, तीही या क्रमाने

चाचणीत साधारणपणे लेखी परीक्षा, अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट, सिम्युलेटर चेक आणि मुलाखत असते. बहुतेक जण मुलाखतीची तयारी सगळ्यात आधी करतात. मी उलटं सांगेन.

पहिल्यांदा लेखी. नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, रेडिओ एड्स आणि एअर रेग्युलेशन पुन्हा वाचा. प्रश्नसंच पाठ करून डीजीसीएचे पेपर सुटले असतील, पण इथे पुढच्याच फेरीत समोर बसलेला कॅप्टन ‘का?’ विचारतो. टेलविंडमध्ये, म्हणजे मागून वारा असताना, धावपट्टी जास्त का लागते, हे फळ्यावर चित्र काढून सांगता यायला हवं.

मग सिम्युलेटर. चेक ज्या विमानाचा असेल, त्याचे पिच आणि पॉवरचे आकडे मिळवा: सरळ उड्डाणाला किती, चढताना किती, आयएलएसवर (धावपट्टीकडे नेणाऱ्या रेडिओ संकेतांवर) उतरताना किती. हे पाच-सहा आकडे डोक्यात असले की नजर मोकळी राहते. ऑटोपायलट आणि फ्लाइट डिरेक्टर (नाक कुठे धरायचं ते पडद्यावर दाखवणारी खूण) नसताना उंची 100 फुटांच्या आत धरून ठेवणं, वळताना ती न सोडणं, आणि सोडलीच तर ओरडा न करता सावकाश परत आणणं, एवढंच तपासणारा बघत असतो. चूक झाल्यावर पुढची दोन मिनिटं तीच चघळत बसणारा उमेदवार नापास होतो. चुकीपेक्षा हे जास्त महाग पडतं.

मुलाखतीला स्वतःचं लॉगबुक पाठ हवं. पहिला सोलो कुठे, सर्वात लांब क्रॉस-कंट्री कोणती, दोन उड्डाणांमध्ये चार महिन्यांची खाच का पडली? उत्तर खरं आणि थोडक्यात द्या. ‘पावसाळ्यात फ्लाइंग बंद होतं आणि फी भरायची राहिली होती’ हे उत्तर चालतं. सारवासारव चालत नाही.

## टप्पा 4: ऑफर लेटर आणि बाँड वाचा

आनंदात सही करण्याची ही जागा नव्हे. एक संध्याकाळ घेऊन, शक्य तर वकिलाबरोबर बसून, एवढं बघा: बाँड किती वर्षांचा आणि त्याची मोजणी रुजू झाल्यापासून की लाइनवर (प्रवाशांच्या नेहमीच्या उड्डाणांवर) रिलीज झाल्यापासून, रक्कम दरवर्षी कमी होते की शेवटपर्यंत पूर्णच राहते, प्रशिक्षणात नापास झालात तर खर्च कुणाचा, जामीनदार म्हणून वडिलांचं घर किंवा शेत अडकतंय का, प्रशिक्षणाच्या काळात स्टायपेंड आहे की काहीच नाही.

बाँडशिवाय डीजीसीएचा नोटिशीचा नियमही लागू होतो. को-पायलटला 6 महिने, कॅप्टनला 1 वर्ष. ‘मोठ्या कंपनीतून बोलावलं की पुढच्या महिन्यात जातो’ असा हिशेब करू नका.

आईवडिलांसाठी एक सूचना: पत्र आल्यापासून पूर्ण पगार सुरू होईपर्यंत बरेच महिने जातात. कर्जाचे हप्ते मोजताना तो काळ धरा.

## टप्पा 5: ग्राउंड स्कूल, आणि भिंतीवरचं कॉकपिट

वर्गात विमानाच्या प्रणाली शिकवल्या जातात: इंजिन, पंखा, हायड्रॉलिक, वीज, इंधन, बर्फापासून बचाव. सोबत डेंजरस गुड्स, सुरक्षा, सीआरएम (कॉकपिटमध्ये मिळून काम करणं), आपत्कालीन प्रक्रिया आणि मान्सूनचं प्रशिक्षण. हे सगळं कंटाळवाणं वाटतं, आणि मुलं इथेच ढिली पडतात.

एटीआरला शेपटीत वेगळं छोटं इंजिन, म्हणजे एपीयू, नसतं. जमिनीवर उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेकने धरून ठेवतात आणि इंजिन चालू ठेवून वीज आणि हवा घेतात. याला हॉटेल मोड म्हणतात. हे एक वाक्य नीट समजलं की सुरुवातीच्या निम्म्या प्रक्रियांचा क्रम आपोआप कळतो. उजवं इंजिन आधी का, ब्रेक सोडण्याआधी खालच्या माणसाकडून खूण का घ्यायची, सगळं त्यातून निघतं. पाठांतर नंतर करा, आधी असे दुवे शोधा.

दुपारी वर्ग सुटला की दुसरं काम. कॉकपिटचं मोठं चित्र मिळवा आणि फ्लेक्सवाल्याकडून खऱ्या मापात छापून घ्या. ओव्हरहेड पॅनल डोक्याच्या वर, बाकीचं समोर आणि मधलं पेडेस्टल दोन खुर्च्यांच्या मधे, अशी मांडणी करा. खुर्चीत बसून हात खरोखर त्या बटणापर्यंत न्या, नाव मोठ्याने घ्या, स्थिती सांगा, मग पुढचं. याला फ्लो म्हणतात. फ्लो पाठ असावा लागतो. चेकलिस्ट त्यानंतर येते आणि फक्त खात्री करते.

नेहमीची चूक: चेकलिस्ट वाचत वाचत बटणं दाबणं. फ्लाइंग स्कूलच्या केसनावर हे खपून जातं, इथे खपत नाही.

तपासा: कुणाला तरी मधेच फोन करायला सांगा. दोन मिनिटं बोलून परत फ्लो सुरू करा. अडलात तर तो अजून पाठ झालेला नाही. प्रत्यक्षात दर टर्नअराउंडला (दोन उड्डाणांमधल्या जमिनीवरच्या वेळेत) कुणीतरी मधे बोलतंच.

## टप्पा 6: सिम्युलेटर

सिम्युलेटर परदेशात असू शकतो, त्यामुळे पासपोर्टची मुदत बघून ठेवा. सेशन मध्यरात्रीनंतरचंही लागतं. आदल्या दिवशी झोपेचं वेळापत्रक त्याप्रमाणे सरकवा.

सेशन दोघांचं असतं. जोडीदार कमजोर असला तर तुम्हीही बुडता, म्हणून पहिल्या दिवसापासून त्याच्याबरोबर बसून तयारी करा. एकजण पीएफ, म्हणजे उडवणारा. दुसरा पीएम, म्हणजे लक्ष ठेवणारा. बहुतेकांची सगळी तयारी पीएफची असते आणि अडतात ते पीएम असताना. रेडिओ, चेकलिस्ट, आकडे आणि जोडीदाराच्या चुका, हे चारही एकदम सांभाळायचं असतं.

इथे मुख्य धडा हातांचा आहे. एटीआरच्या पेडेस्टलवर पॉवर लिव्हर (इंजिनाचा जोर), कंडिशन लिव्हर (पंख्याची स्थिती आणि इंधन) आणि फ्लॅप लिव्हर (पंखांच्या मागच्या पट्ट्या) शेजारी शेजारी आहेत. 15 जानेवारी 2023 ला नेपाळमध्ये पोखऱ्याला उतरताना एटीआर 72 कोसळलं आणि विमानातले सगळे 72 जण गेले. फ्लॅपऐवजी दोन्ही कंडिशन लिव्हर ओढले गेले, पंखे फेदर झाले (पाती वाऱ्याला समांतर वळली) आणि जोर संपला, असं तपासात निघालं. त्याआधी 4 फेब्रुवारी 2015 ला तैपेईत एटीआर 72-600 च्या एका इंजिनाचा पंखा फेदर झाला, आणि कॅप्टनने चालू असलेलंच दुसरं इंजिन बंद केलं. 43 जण गेले. दोन्ही वेळा चुकीचा लिव्हर हलला आणि दुसऱ्या जोडी डोळ्यांनी तो वेळेत पकडला नाही.

म्हणून ही सवय पहिल्या सेशनपासून लावा:

1. बघा. हात न्यायच्या आधी नजर लिव्हरवर.
2. हात ठेवा, पण हलवू नका.
3. नाव घ्या: ‘पॉवर लिव्हर वन’. जोडीदाराने बघून ‘कन्फर्म’ म्हणेपर्यंत थांबा.
4. हलवा, आणि परिणाम यंत्रांवर दिसला का ते बघा.

फ्लॅपसारख्या रोजच्या लिव्हरला कन्फर्म मागत नाहीत, पण ‘बघा’ आणि ‘परिणाम बघा’ हे दोन तिथेही सुटत नाहीत. उड्डाणात वेग तपासून फ्लॅप हलवला की नजर फ्लॅपच्या दर्शकावर गेलीच पाहिजे.

टेक-ऑफनंतर इंजिन गेलं तर एटीआरची यंत्रणा बिघडलेल्या बाजूचा पंखा आपोआप फेदर करते आणि दुसऱ्या इंजिनाचा जोर वाढवते. तुमचं पहिलं काम पाय वापरून नाक सरळ ठेवणं, चढ मिळाल्याची खात्री करणं आणि चाकं वर घ्यायला सांगणं. ठरलेल्या उंचीपर्यंत इंजिनच्या लिव्हरला हात नाही. तिथली घाईच नापास करते. सेशनमध्ये घाम फुटला की ‘काहीतरी करू या’ असं वाटतं. तेव्हा दोन्ही हात कंट्रोलवर आणि तोंड बंद, एवढं जमलं तरी पुष्कळ.

तपासा: मेमरी आयटम (चेकलिस्ट न बघता करायच्या आपत्कालीन कृती) रोज सकाळी कोऱ्या कागदावर शब्दाला शब्द लिहा: इंजिनाची आग, धूर, आपत्कालीन उतार, तीव्र आयसिंग, स्टॉलमधून (पंखांची उचल संपण्यातून) सुटका. ‘साधारण असंच’ चालत नाही.

## टप्पा 7: लाइनवर, पण देखरेखीखाली

स्किल टेस्ट झाली, रेटिंग लायसन्सवर चढलं, की खऱ्या विमानात आधी ऑब्झर्व्हर म्हणून मागच्या जम्प सीटवर आणि मग एसएलएफ, म्हणजे देखरेखीखालची लाइन फ्लाइंग. शेजारी ट्रेनिंग कॅप्टन. सुरुवातीच्या सेक्टरना (एका विमानतळाहून दुसऱ्यापर्यंतच्या उड्डाणांना) मागे सेफ्टी पायलटही असतो.

प्रादेशिक कामाचा वेग इथे कळतो. दिवसाला चार, कधी सहा सेक्टर, आणि दोन उड्डाणांच्या मधे जमिनीवर साधारण अर्धा तास. त्या अर्ध्या तासात पुढचं हवामान, लोडशीट, इंधन, एफएमएस (विमानाचा मार्ग सांभाळणारा संगणक) आणि ब्रीफिंग. म्हणून जेवढं घरी होतं तेवढं आदल्या रात्री उरका. दिवसातले सगळे विमानतळ, त्यांच्या धावपट्ट्या, अ‍ॅप्रोच आणि पर्यायी विमानतळ एका पानावर मांडा. सकाळी फक्त नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना) आणि मेटार (विमानतळावरच्या हवामानाचा अहवाल) जोडायचे.

छोट्या विमानतळांवर चार गोष्टी कायम विचारा. टॉवरचे वॉच अवर्स, म्हणजे कामाची वेळ, किती वाजेपर्यंत? उशीर झाला तर विमानतळच बंद होतो. तिथे इंधन मिळतं का, की परतीचं सोबत न्यायचंय? अ‍ॅप्रोच इन्स्ट्रुमेंटचा आहे की नुसत्या नजरेचा? आणि तापमान. मे महिन्यात जळगावात पारा 44-45 वर जातो. गरम हवेत इंजिन आणि पंख दोन्ही कमी काम करतात, धावपट्टी आखूड पडते, आणि कधी सामान किंवा प्रवासी उतरवावे लागतात. कोल्हापूरला उन्हाबरोबर उंचीही मोजा, तो विमानतळ समुद्रसपाटीपासून जवळपास 2000 फुटांवर आहे. कॅप्टनने विचारण्याआधी हा हिशेब तुमच्या कागदावर असला की दिवस चांगला जातो.

वॉक-अराउंडला (उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून केलेल्या तपासणीला) शेपटीपासून सुरुवात करायची सवय बरी. एटीआरमध्ये प्रवासी मागच्या दारातून चढतात, वजन मागे जातं, म्हणून शेपटीखाली टेकू लावतात. तो काढला का, पिटो कव्हर (वेग मोजणाऱ्या नळ्यांवरची आवरणं) काढली का, पंख्याचे पट्टे सोडले का, हे प्रत्यक्ष बघा. खालच्या माणसाने ‘झालं सर’ म्हटलं तरी बघा.

लँडिंगमध्ये नव्या मुलांची ठरलेली चूक म्हणजे पॉवर एकदम काढणं. केसनाला ते चालतं. इथे पॉवर काढताच दोन मोठे पंखे ब्रेकसारखे वागतात आणि विमान बसकण मारतं. पॉवर सावकाश, शेवटच्या काही फुटांत, आणि पाय जिवंत ठेवून. टेकल्यावर पीएम दोन्ही ‘लो पिच’ दिवे (पाती रिव्हर्ससाठी तयार असल्याची खूण) लागल्याचं सांगतो, मगच रिव्हर्स. एक दिवा नाही लागला तर रिव्हर्स नाही. 70 नॉटला नोजव्हीलचं स्टिअरिंग कॅप्टनकडे जातं, कारण ते चाक डाव्या बाजूलाच आहे, आणि कंट्रोल कॉलम तुम्ही धरून ठेवायचा. ‘उतरलो एकदाचे’ म्हणून पुष्कळ जण तो सोडून देतात.

पावसाळ्यात लँडिंग तुमच्या वाट्याला कमी येतील. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, पीएम म्हणून शिकण्याचा तोच काळ. अ‍ॅप्रोच स्थिर नसेल तर ‘गो अराउंड’ म्हणायचा हक्क उजव्या सीटलाही आहे, आणि तो शब्द स्पष्ट उच्चारायचा असतो. ‘सर, जरा जास्त वाटतंय का...’ असं अर्धवट बोलून उपयोग नाही. आपल्याकडे मोठ्या माणसाला अडवायचं नाही हे वळण लहानपणापासून लागलेलं असतं. कॉकपिटच्या दारापाशी ते बाहेर ठेवा. आदर ‘सर’ म्हणण्यात राहू द्या, आकडा मात्र जसा आहे तसा सांगा: ‘स्पीड, प्लस फिफ्टीन.’

तपासा: प्रत्येक दिवसानंतर कॅप्टनच्या शेऱ्यातली एकच गोष्ट निवडा आणि दुसऱ्या दिवशी तेवढीच सुधारा. चार एकदम सुधारायला गेलात तर पाचवी बिघडते.

## टप्पा 8: रिलीज झाल्यानंतरचे पहिले महिने

बीए टेस्ट. ड्युटीआधी श्वासाची चाचणी होते आणि चालणारा आकडा शून्य. पहिल्यांदा पॉझिटिव्ह आलात की लायसन्स 3 महिने निलंबित, दुसऱ्यांदा 3 वर्षं, तिसऱ्यांदा रद्द. आदल्या रात्रीची पार्टी सगळ्यांना माहीत असते. घरचं औषध लक्षात येत नाही. खोकल्याचं सिरप, माउथवॉश, होमिओपॅथीचे थेंब, आणि आजीने प्रेमाने दिलेलं द्राक्षासव किंवा कुठलंही आसव-अरिष्ट, या सगळ्यांत अल्कोहोल असू शकतं. उडत असेपर्यंत ते घरातल्या इतरांनाच राहू द्या, आणि औषध कंपनीच्या डॉक्टरला विचारून घ्या.

ड्युटीचे तास. 7 दिवसांत 35 तास आणि 365 दिवसांत 1000 तास उड्डाण, ही मर्यादा आहे. आठवड्याची विश्रांती 48 तासांची. लँडिंग वाढली की ड्युटीची परवानगी कमी होते, आणि प्रादेशिक को-पायलटला हेच सगळ्यात जास्त लागू पडतं. रोस्टरवाल्यांवर सोडू नका, स्वतः मोजा. थकलेले असाल तर तसं कळवा, लेखी.

लॉगबुक. त्याच दिवशी भरा. एटीपीएलला (कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या लायसन्सला) 1500 तास लागतात, त्यांत 100 तास रात्रीचे. बऱ्याच छोट्या विमानतळांवर रात्रीचं लँडिंगच नसतं, त्यामुळे एकूण तास भराभर वाढतात आणि रात्रीचे मागे राहतात. 1400 तासांना हे लक्षात येणारे बरेच भेटतात. पाचशे तासांच्या आसपास बेरीज बघा, आणि रात्रीचा रकाना रिकामा दिसला तर संध्याकाळच्या शेवटच्या रोटेशनसाठी (जाऊन-येऊन फेरीसाठी) रोस्टरिंगला विनंती टाकायला सुरुवात करा. एटीपीएलचे लेखी पेपर या मधल्या काळात उरकून घ्या. रेकरंट, म्हणजे ठराविक काळाने पुन्हा होणारा, सिम्युलेटर चेक कधी आहे ते मात्र आधी बघा, दोन्ही एकाच महिन्यात आले तर पेपर पुढे ढकला.